स्वयंपाकघराची कडी

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघराचं दार मी कधी बंद पाहिलं नव्हतं. मुलांची खिचडी शिजवणाऱ्या कमलताईंकडे वाडीतल्या बायका येत, कुणी कोथिंबीर टाकून जाई, कुणी मीठ चाखून.

मग तालुक्याला स्वयंपाक करणाऱ्या बायकांचं प्रशिक्षण झालं. शिक्षक म्हणून मीही सोबत होतो. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "कुणी मुद्दाम अन्नात काही कालवलं तर? म्हणून कामाशिवाय कुणालाच आत घ्यायचं नाही."

"लेकरांच्या अन्नात?" कमलताई उठून उभ्याच राहिल्या. "असं कोण करंल?"

"बहुतेक कुणीच नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "तरी दार लावायचं."

दुसऱ्या दिवशी ताईंनी आतून कडी लावली, आणि नेमकी त्यांची सासूच कोथिंबीर घेऊन आली.

"माझ्यावर वहीम घेतीस व्हय गं?"

ताई बाहेर आल्या. डोळे भरले होते. "तुमच्यावर न्हाई, आत्या. पण तुमाला आत घेतलं, तर दुसऱ्याला कोणत्या तोंडानं अडवू?"

म्हातारी कोथिंबीर उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

माया म्हणजे उघडं दार, असंच आम्ही धरून चालतो. कडीतही माया असते, हे प्रशिक्षणात कळतं. पटायला वेळ लागतो. असं काहीबाही मनात घोळवत मी दुसऱ्या दिवशी खिचडीच्या वासामागे निघालो. दाराबाहेर पोतं अंथरून म्हातारी बसली होती. मला पाहताच तिने काठी आडवी धरली.

"मास्तर, आत कुणी जायाचं न्हाई. ताट भाईर येतंय."