बोरमळ्याची बिनदाराची शाळा

“दार बसवायचं आसंल, तर आदी मला भाईर काडा,” तोराबाई एकदा म्हणाली होती.

म्हणाली ती शामकांतरावांना, आणि तेही भर सभेत, नगरच्या त्यांच्या संस्थेच्या कचेरीत. शामकांतराव संस्थेचे चिटणीस, धोतराची निरी कधी विस्कटू न देणारे. त्यांना राग त्या उत्तराचा आला की उत्तराच्या भाषेचा, हे सांगणं अवघड आहे. नॉर्वेहून आलेली गोरीपान मुलगी, जेमतेम पंचविशीची, आणि तोंडात खुरपणीच्या बायकांचं मराठी.

“बाई, तुम्ही शिक्षिका आहात. निदान ‘आहे’ म्हणायला तरी शिका,” ते म्हणाले.

“ज्यांनी शिकिवलं त्यांनाच सांगा की,” तोरा म्हणाली. “मी त्यांची इद्यार्थी हाय.”

सभेतले दोघेतिघे खाली बघून हसले. दाराचा विषय त्या दिवशी तिथेच राहिला. मिटला मात्र नाही.

एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात ती मावशीला भेटायला म्हणून आली होती. मावशी नगरला मिशनच्या दवाखान्यात परिचारिका. थंडी संपेपर्यंत राहायचं, थोडा मुलूख बघायचा आणि परत फिरायचं, असा बेत होता. मग लढाई पेटली. पुढच्या एप्रिलात जर्मन फौजा तिच्या गावच्या धक्क्यावर उतरल्या आणि परतीची वाट समुद्रातच बुडाली. तिच्या बापाच्या घराला तीन कुलपं होती. सैनिकांनी ती फोडली नाहीत. त्यांनी किल्ल्या मागितल्या आणि बापाने दिल्या. घेताना ते ‘आभारी आहोत’ म्हणाले म्हणे. मावशीने हे सांगितलं त्या दिवशी तोरा जेवली नाही. संध्याकाळी तिने एवढंच विचारलं, “इथे मला काही काम मिळेल का?”

काम होतं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. शिंगणापूरच्या शिवेला लागून बोरमळा नावाची शेतकऱ्यांची वाडी आहे. शनिदेवाच्या त्या गावात घरांना दारं नाहीत, तशी इथेही नाहीत. चौकट असते, उंबरा असतो, कुत्रं शिरू नये म्हणून कुडाची तट्टी टेकवलेली असते. कडी, कोयंडा, कुलूप यांतलं काही नसतं. संस्थेने तिथे मुलींसाठी एक खोली बांधली होती. सकाळी लिहिणं-वाचणं, दुपारी शिवण, आणि मागच्या बाजूला पडदा लावून बाईंनी राहायचं. बिनदाराच्या खोलीत एकटी बाई झोपणार कशी, म्हणून नगरची एकही शिक्षिका जायला तयार नव्हती. तोरा पत्र्याची पेटी आणि किटली घेऊन गेली.

ती किटली पहिल्याच महिन्यात गायब झाली. तोरा विहिरीवरून आली तर चुलीजवळ किटली नव्हती आणि तिच्या जागी एक खुरपं पडलं होतं. तोराला तेव्हा मराठीतले मोजके शब्द येत होते. त्यांतला ‘चोर’ हा शब्द तिने वर काढला आणि खुरपं हातात घेऊन ती घरोघर हिंडली. बायका पोरांना कडेवर घेऊन मागे सरल्या. मडमेनं खुरपं का उपसलंय, कुणाला काही कळेना. शेवटी शेजारची राहीबाई पुढे आली. तिने तोराच्या हातातून खुरपं काढून घेतलं, तिचं मनगट धरलं आणि तिला ओढतच लंकाबाईच्या घरी नेलं. चुलीवर किटली होती. किटलीत अडुळसा उकळत होता. कोपऱ्यात लंकाबाईचं पोर खोकत होतं. राहीबाईने किटलीशेजारी खुरपं ठेवलं, दोन्हींकडे बोट दाखवलं आणि तोराकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढं साधं कसं गं तुला कळत नाही.

पुढे भाषा आल्यावर राहीबाईने ते शब्दांत सांगितलं. “घरधनी घरात नसला तर थांबायचं न्हाई. नड कुनासाठी थांबती? न्ह्यायचं, आन् न्हेलेल्या जागी आपली चीज ठिवायची. मालकाला कळतं कुनाकडं गेलंय. त्याचंबी आडत न्हाई.”

“माझं आडलं की. मला च्या करायचा हुता.”

“मंग खुरपायला जायचंस.”

“मला खुरपता येत न्हवतं.”

“आता येतं न्हवं?” राहीबाई म्हणाली. “झालं तर.”

येत होतं, हे खरंच. डोक्यावर हंडा घ्यायलाही राहीबाईनेच शिकवलं. आधी चुंबळ, म्हणजे फडक्याचं वेटोळं, डोक्यावर नीट बसवायचं. मग गुडघ्यांतून उठायचं, कमरेतून नाही. आणि एकट्याने उचलायला जायचं नाही. “कुनीतरी हात लावतंच,” राहीबाई म्हणाली, आणि तोराने ते पुढे कित्येकदा पाहिलं. ओझं उचलताना कुणी दिसलं की वाटसरू थांबतो. ओळख असो-नसो, वैर असलं तरी हात लावतो आणि न बोलता पुढे जातो. तिच्या देशात माणसं याहून गोड बोलत. पण न मागता लागलेला हात तिने तिथे क्वचितच पाहिला होता.

मुली तिच्या मराठीला हसत, तिच्या उन्हाने लाल झालेल्या नाकाला हसत, आणि रोज येत. शाळेचं खरं वैभव म्हणजे हाताने फिरवायचं शिलाईचं मशीन. लढाईच्या दिवसांत नवं मशीन बघायलाही मिळत नव्हतं. शामकांतरावांनी एका व्यापाऱ्याच्या घरी चार-चार चकरा मारून ते मिळवलं होतं. ते त्यांनी स्वतः गाडीत मांडीवर धरून आणलं होतं, हेही सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. ज्याची चिंता करायची त्याला कुलूप लावायचं, एवढंच त्याला येत होतं.

त्रेचाळीसच्या हिवाळ्यात मशीनच्या सुया संपल्या. बेलापूरला एका दुकानात आहेत असं कानावर आलं, म्हणून तोरा एका बैलगाडीतून तिकडे गेली आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी परतली. शाळेपुढे दमणी, छपराची छोटी बैलगाडी, उभी होती. आत टेबलावर मशीन होतं, मशीनशेजारी काठ उसवलेलं, लाल दोऱ्याने शिवलेलं सूप होतं. ते सूप राहीबाईचं, हे तिला विचारावं लागलं नाही. राहीबाई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर एका बाहीचं झबलं. खुर्चीत शामकांतराव, आणि चौकटीजवळ काठी घेऊन पोलीस ठाण्याचा हवालदार गहिनीनाथ. हवालदार मिरजगावकडचा, म्हणजे दारं असलेल्या मुलखातला.

“या,” शामकांतराव म्हणाले. “तुमच्या साधुसंतांच्या वाडीतला चोर सापडलाय. मी तपासणीला आलो, तर यंत्र नाही आणि टेबलावर हा कचरा.”

“रावसायेब, सुपाला कचरा म्हनू नगा,” राहीबाई म्हणाली. “आन् मला चोर म्हनू नगा. ठिवलं हुतं का न्हाई सूप, तेवडं सांगा.”

“मावशे, गप ऱ्हा,” हवालदार हळूच म्हणाला. “बोलशील तेवडं तुझ्याच अंगाशी येईल.”

“का गप ऱ्हाऊ? माझ्या बनूचं बाळंतपन तोंडावर आलंय, पैलटकरीन पोर. बाई न्हवती, मी मिशीन न्हेलं. दोन झबली झाली. तिसऱ्याला येक बाही ऱ्हायली, तवर ह्यांनी हिसकून आनलं. सुई मोडली ती येगळीच. तिची तक्रार कुनी लिवायची रं, हवालदारा?”

गहिनीनाथाने काठी या हातातून त्या हातात घेतली.

“पाहिलंत?” शामकांतराव तोराकडे वळले. “स्वतःच्या तोंडाने कबूल करते आहे. आता ऐका, बाई. यंत्र तुमच्या ताब्यात होतं, तेव्हा तक्रारीवर सही तुमची लागेल. कृपा करून ती करा. हिला दोन रात्री ठाण्यात बसवतील, वाडीला जरब बसेल. सोमवारी मी सुतार पाठवतो. दार बसेल, कुलूप बसेल, शाळा चालू राहील.”

“आन् न्हाई केली तर?”

“तर यंत्र आत्ताच दमणीत जाईल आणि शाळेला टाळं. तेही मी आणलंय बरोबर.” त्यांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. मग आवाज खाली आणला. “तुम्ही परक्या आहात, तोराबाई. पोलिसांत तुमची नोंद आहे. संस्थेने शब्द दिला म्हणून तुम्ही इथे राहता. तो शब्द मला मागे घ्यायला लावू नका. अहो, उद्या इथे तुमच्यावर काही प्रसंग आला, तर तुमच्या मावशीला मी काय तोंड दाखवू?”

तोरा उभीच होती. ‘कृपा करून’ हे शब्द तिला ओळखीचे वाटले. बाप चौकटीत उभा राहिला असेल, किल्ल्यांचा जुडगा तळहातावर घेऊन, आणि समोरचे आदबीने हात पुढे करत असतील. बापाला तिने कधी दोष दिला नव्हता. बंदुकीपुढे कोण काय करणार? पण रात्री पडून ती त्या तळहाताचा विचार करायची. तो आधीच उघडला होता का? मागण्याआधीच? कुलपांच्या घरात वाढलेल्या माणसाला किल्ली कुणातरी थोरल्याच्या हातात देण्याची सवयच लागते का? इथे समोर बंदूक नव्हती. एक भला माणूस होता, आणि त्याच्या खिशात टाळं होतं. सही केली तर शाळा राहील, मुली कदाचित येतीलही. पण राहीबाई दोन रात्री ठाण्यात बसून परत आली की या वाडीत कुणी कुणाकडून काही नेताना आधी आजूबाजूला बघेल. दार त्या दिवशीच बसलेलं असेल. सुताराचीही गरज पडणार नाही.

“हिनं चोरी केली न्हाई,” ती म्हणाली. “मी सही करनार न्हाई. तुमी इचारायच्या आदीबी करनार न्हवते.”

“मग यंत्राला हात लावू नका. ते संस्थेचं आहे.”

तोराने राहीबाईकडे पाहिलं. “आक्का, येकच बाही ऱ्हायली न्हवं?”

“येकच,” राहीबाई म्हणाली. “पन ऱ्हाऊ दे, पोरी. हातानं घालीन टाका. तुझं ऱ्हानं जायाचं माझ्यापायी.”

तोराने पिशवीतून बेलापूरची पुडी काढली. मशीनपुढे वाकून मोडलेल्या सुईचं टोक काढलं, नवी सुई बसवली, स्क्रू आवळला, चाक एकदा हाताने फिरवून पाहिलं. शामकांतराव बघत राहिले. यंत्र दमणीत न्यायच्या आधी ती ते दुरुस्त करून देते आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

मग ती पडद्यामागे गेली आणि किटली घेऊन आली. सूप उचलून तिने राहीबाईच्या मांडीवर ठेवलं. मशीन टेबलाच्या काठापर्यंत ओढलं आणि त्याच्या जागी, मधोमध, किटली ठेवली.

“हे काय?” शामकांतराव म्हणाले. “हे काय चाललंय, तोराबाई?”

तिने फळा पुसायचं फडकं घेतलं, पीळ देऊन त्याची चुंबळ केली, डोक्यावर बसवली. खडूची भुकटी तिच्या पिवळ्या केसांवर सांडली. गुडघ्यांत वाकून तिने मशीनखाली दोन्ही हात घातले. मशीन लोखंडी, लाकडाच्या बैठकीवरचं. ते छातीपर्यंत आलं आणि तिथे अडलं.

गहिनीनाथाने काठी भिंतीला टेकवली होती. ती कधी टेकवली हे त्यालाही सांगता आलं नसतं. दोन पावलं पुढे येऊन त्याने मशीनला हात लावला, ओझं तिच्या डोक्यावर नीट बसेपर्यंत धरलं आणि मग सोडलं.

“हवालदार,” शामकांतराव म्हणाले.

हवालदाराने आपल्या हातांकडे पाहिलं. “वझं हुतं, सायेब,” तो म्हणाला.

चौकट बुटकी होती. डोक्यावरचं मशीन वर लागू नये म्हणून तोरा गुडघ्यांत वाकली, मान ताठच ठेवून उंबरा ओलांडला आणि राहीबाईच्या घराच्या वाटेने निघून गेली.