घराण्याचं बाक

बायबल उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सात वेळा वाचून काढल्याबद्दल आमच्या चर्चच्या मंडळीने रविवारी एका वडीलधाऱ्या काकांचा सत्कार केला. शाल, पुष्पगुच्छ, टाळ्या. काका शाल सावरत खाली आले, तर अगदी पुढच्या, त्यांच्या नेहमीच्या बाकावर एक म्हातारी बसलेली. आमच्याकडे नवखी असावी. पायांत रबरी चपला, मांडीवर कापडी पिशवी.

"मावशी, मागे बसा हं. हे आजोबांपासून आमच्या घराण्याचं बाक आहे," काका अगदी गोड आवाजात म्हणाले.

"चुकलं हो, मला ठाऊक नव्हतं," म्हणत ती उठली आणि पार दारापाशी जाऊन उभी राहिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात वेळा! सात वेळा या माणसाच्या डोळ्यांखालून बायबलातला तो परका गेला, ती विधवा गेली, तो दारातला भिकारी गेला, आणि एकालाही यांनी आत घेतलं नाही? नुसती पानं काय, वाराही उलटतो. शास्त्र म्हणजे गड आहे का, चढलात की झेंडा लावायला? चर्चच्या भिंतीवर तर तक्ताच टांगलाय, कोण कुठल्या अध्यायापर्यंत पोचलं त्याचा. त्यातलं कोणाच्या काळजापर्यंत काय पोचलं, याला त्यात रकानाच नाही.

तक्त्यात माझंही नाव आहे. यंदा पहिल्यांदाच सगळं वाचतेय, निम्म्यावर आलेय.

म्हातारी माझ्या बाकाला लागूनच मागे गेली होती. माझ्या शेजारी जागा होती. तिथे माझी पर्स होती, आणि ती मी उचलली नाही.