सुनेला लिहायचं वाक्य

तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आता कोथरूडला घरीच शिकवण्या घेते. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क वही घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा वाटलं, कुणा भाच्या-पुतण्यासाठी आले असतील. कसलं काय! शिकायचं होतं ह्यांनाच.

"'नो मॅटर व्हॉट' वाक्यात कसं वापरतात तेवढं सांगा. बाकीचं येतं मला."

बाकीचं येतं म्हणे! पण हे कशासाठी हवं, ते मला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं चेन्नईच्या मुलीशी लग्न ठरवलं, तेव्हा "काही झालं तरी ती या घरात येणार नाही" हे त्यांचं ओरडणं साऱ्या जिन्यानं ऐकलं होतं. मुलगाही मग आला नाही. आता तिकडे नात झाली होती, आणि आजोबांनी तिला फोटोत पाहिलं होतं, एवढंच. सुनेला मराठी येत नाही. तिला स्वतःच्या हातानं पत्र लिहून घरी बोलवायचं, असं त्यांच्या मनात होतं.

मी अर्थ समजावला, दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी हजर! काही झालं तरी मी लिफ्ट वापरणार नाही. काही झालं तरी गच्चीवर पापड वाळत घालू देणार नाही. काही झालं तरी वर्गणी आगाऊ देणार नाही. अक्षर मोत्यासारखं, चूक एक नाही.

"अहो, सगळं बरोबर आहे," मी म्हटलं, "पण दहाही वाक्यांत 'नाही' आहे. हे पाठवणार सुनेला?"

त्यांनी दहाही वाक्यं पुन्हा पहिल्यापासून वाचली. मी तशी तिरसट बाई, पण तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. उठून चहा टाकला.

तीन दिवस फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी एकच इंग्रजी वाक्य घेऊन आले. तेव्हा मी काहीही बोललो असलो, तरी हे घर तुझं आहे. सुरुवात 'नो मॅटर व्हॉट'नंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

"दहापैकी किती?" त्यांनी विचारलं.

"साडेनऊ."

"अर्धा कशाला कापलात?"

"चार वर्षं उशीर केलात म्हणून."

त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"जास्तच दिलेत, बाई."