पुकारणारीची सुट्टी

आमची ताई बसस्टँडवर गाड्या पुकारते. काळ्या काचेच्या एका खोपटात बसायचं, माइक तोंडाशी धरायचा आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सगळ्यांना सांगायचं. तिचा आवाज इथं शेंबड्या पोरालाही ओळखू येतो, चेहरा मात्र कुणालाच ठाऊक नाही. भाजीवाली तिलाच सांगते, "ती स्टँडवरची बाई काय गोड बोलते हो!" आणि ही बया मान डोलावते नि वांग्यांचा भाव कमी करून मागते. मी तिच्या जागी असते तर गावभर दवंडी पिटली असती.

घरीही तीच तऱ्हा. "जेवण वाढलं आहे, सर्वांनी त्वरित यावे." भावोजी म्हणतात, "आलो, कितव्या फलाटावर?" हा विनोद ते लग्न झाल्यापासून करतायत आणि ताईही लग्न झाल्यापासून हसतेय. धन्य ती जोडी!

माइकवर मात्र बाई भलतीच कडक. ठरलेलं तेवढंच बोलणार, वर एक अक्षर नाही. एकदा भावोजी किल्ली आत विसरून दार ओढून बसले. दुसरी किल्ली माझ्याकडे आणि मी स्टँडसमोरच्या बाजारात. ते ताईला म्हणाले, "माइकवरून हाक मार की तिला." तर ही म्हणते कशी, "माइक सरकारी आहे, बहीण खाजगी." हे कळल्यावर मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

अशा या बाईच्या मनात एकच हौस होती: वेशीचं गाव बघायची. जुनं शहर ते, भोवती दगडी तट आणि तटाला अजून शाबूत असलेल्या वेशी, म्हणून सगळे त्याला वेशीचं गावच म्हणतात. उभ्या नोकरीत ताईनं रोज त्याची गाडी पुकारली, पण तिथं पाऊल काही पडलं नाही. वर्षातून एकदा घरच्यांना एका दिवसाचा फुकट पास मिळतो. तो कधी सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला गेला, कधी लेकीच्या परीक्षेला. एकदा माझ्यासाठी स्थळ बघायला गेला, आणि तो मुलगा असा निघाला की विचारूच नका.

या महिन्याअखेर ताई निवृत्त होणार. नोकरी संपली की पासही संपला. हा शेवटचा, त्यावर तारीख घातलेली. आणि भावोजींच्या पेन्शनीत तिकिटं काढून हिंडणं आम्हाला कुठलं परवडायला! ताईनं हातातलं लाटणं ठेवलं आणि म्हणाली, "या वेळी मी जाणार. रानात फुलं आलीत, ती झडायच्या आत." असं ठणकावून तिनं काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग काय, घरात नुसती धांदल! ताईनं जेवणाच्या टेबलावर अख्खं शहर मांडलं. चार पेले म्हणजे चार वेशी, टॉवेल म्हणजे नदी, साखरेचा डबा म्हणजे घड्याळाचा मनोरा.

"मनोरा सकाळी फुकट असतो, दुपारी पैसे पडतात. म्हणून आधी मनोरा. मग तटावरून चालत नदीकडे. रिक्षा नाही."

"तुला गं कुणी सांगितलं?"

"चौकशीच्या खिडकीशी लोक बोलत असतात. माझ्या कानांना कुलूप आहे का? आणि जाताना डावीकडच्या खिडकीत बसायचं, शेतं तिकडे आहेत. येताना उजवीकडे."

"म्हणजे येतानाही तीच शेतं?" भावोजी म्हणाले.

"तीच. मला दोनदा बघायचीत."

पाव, उकडलेली अंडी, बटाटे, संत्री, सगळं घरून न्यायचं ठरलं. भावोजींनी फारच तोंड पाडलं म्हणून एक चहा विकतचा मंजूर झाला. आदल्या दिवशी ताईनं ठेवणीतले बूट तीनदा पुसले.

सकाळी आम्ही इतक्या लवकर स्टँडवर पोचलो की झाडूवाला अजून झाडत होता. ताईच्या खोपटामागच्या बाकावर बसलो. मी फलाटाकडे निघाले तर तिनं मला ओढून बसवलं. "बस निवांत. गाडी लागली की पुकारतील. लोक उगीच आधीपासून गर्दी करतात."

बसलो. अंडी तिथंच फस्त झाली. ताई कुठल्या वेशीवर दगडी हत्ती आहेत ते रंगात येऊन सांगत होती.

"वेळ झाली वाटतं," भावोजी घड्याळाकडे बघत म्हणाले.

"पुकारली का?"

"नाही."

"मग झाली नाही."

तेवढ्यात खांबाआडून एक गाडी फाटकाकडे वळताना दिसली. मागच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत वेशीचं गाव! मी ओरडले, "ताई, आपली गाडी!"

"छे, आपली कशी असेल? अजून पुकारली कुठं..." आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई! पुकारणार कोण? मी तर इथं बसलेय!"

चौकशीवाला खिडकीतून म्हणाला, "खोपटाला कुलूप आहे बाई, किल्ली तुमच्याचकडे." तिनं कधी रजाच घेतली नव्हती, तेव्हा तिच्या जागी कोण, हे तिलाही सुचलं नव्हतं आणि आजची रजा मंजूर करणाऱ्या साहेबालाही नाही.

पुढची गाडी दुपारी. म्हणजे पोचेपर्यंत परतीची निघून जाणार. पास पाण्यात! भावोजी पिशवी टाकून गाडीमागे धावले, पण त्यांचं धावणं ते कितीसं? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

ताई धावली नाही. तिनं पर्समधून किल्ली काढली, खोपट उघडलं, आणि कर्णे खरखरले.

"कृपया लक्ष द्या. वेशीच्या गावाला जाणारी गाडी..." आता ही फलाट नंबर सांगते की काय, असं मला वाटलं. तिचा आवाज अडला. मग अख्ख्या स्टँडवर घुमला, "अहो, थांबा हो! मी राहिले!"

झाडूवाल्याचा झाडू थांबला. फाटकात गाडीनं करकचून ब्रेक मारला. आजची सकाळ सोडली तर त्या आवाजानं सांगितल्याशिवाय ज्यानं कधी गाडी हलवली नव्हती, तो ड्रायव्हर दार उघडून खालीच उतरला. ताई बूट आपटत, धापा टाकत पळत होती आणि चहावाला ओरडत होता, "अरे, ह्याच त्या! स्टँडवरच्या बाई!" खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. डावीकडच्या खिडकीतला माणूस आपणहून उठला.

ताई लाजेनं लालबुंद. "माइक सरकारी आहे गं," ती पुटपुटली.

"असू दे. बहीण खाजगी आहे," मी म्हटलं आणि तिचा हात घट्ट धरला.

पिवळी शेतं आली, पांढऱ्या फुलांनी लगडलेली झाडं आली, कालवा आला. ताई काचेला नाक लावून बसली होती. मग दगडी तट दिसला आणि गाडी एका लहानशा स्टँडवर थांबली. ड्रायव्हर मागे वळला. "बाई, इथं पुकारायला कुणी नाही. तुम्हीच सांगा."

ताई उठून उभी राहिली.

"वेशीचं गाव," ती म्हणाली, "आलं आहे."

इतकी वर्षं तिनं ती गाडी सुटते एवढंच सांगितलं होतं. आलं, असं ती पहिल्यांदाच म्हणत होती, आणि पुढचं तिला बोलवेना.

"कितव्या फलाटावर?" भावोजींनी हळूच विचारलं.

ताई डोळे पुसत हसली, नेहमीसारखीच.