परसरामकाकांची कसोटी

परसरामकाका कुठलंही यंत्र हातात आलं की आधी गालाला लावत. मोबाइल असो, चार्जर असो, नाहीतर विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर. टेलिफोनच्या खांबांवर तीस वर्षं काढून त्यांच्या हाताला घट्टे पडले होते. त्या हाताला कोमट काय आणि गरम काय, काही कळत नाही असं ते सांगत. नवा माणूस हे बघून हसायचा. मीही हसलो होतो.

दारव्ह्याच्या रस्त्याला आमचं गाव आहे आणि गावाला लागून त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा. लाइनमन म्हणून निवृत्त झाल्यावरही त्यांचा वायरींचा नाद सुटला नव्हता. नेटवर्कचं कुठलंही सामान घेण्याआधी काकांना दाखवायचं, हा पंचक्रोशीचा रिवाजच झाला होता. खोक्यावरचा वेगाचा आकडा वाचून कुणी हुरळला की काका म्हणत, "वेग कायले पाह्यतं? दम पाह्य. आमचे बुढे बैलावर मीठ वाहत. पयल्या कोसाले सारेच बैल पळतात."

मी शेती करतो आणि लग्नाचं शूटिंगही करतो. शूटिंगच्या निमित्ताने तांड्यातांड्यांत हिंडलो आणि म्हाताऱ्या बायांची गोरबोलीतली गाणी रेकॉर्ड करायचा छंद लागला. सात वर्षं ते केलं. काकांची बायको सकुबाई त्यात सगळ्यात गोड गायची. तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई, म्हणून मीही म्हणायचो. ती गेली. गाणाऱ्या बहुतेक जणी गेल्या. गाणी सगळी माझ्या घरच्या सर्व्हरवर होती, म्हणजे एका जुन्या कॉम्प्युटरवर, चार डिस्कमध्ये. दुसरी प्रत काढून ठेवायची राहूनच गेली होती. आळस, दुसरं काय.

त्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि सर्व्हरचं नेटवर्कचं पोर्ट जळालं. एक डिस्कही गेली. राहिलेल्या तिघींतली एक टिकटिक करायला लागली. चारही डिस्क एकमेकींत अशा गुंतलेल्या होत्या की बाहेर काढून वेगवेगळ्या वाचता येत नव्हत्या. एकीची उणीव बाकीच्या भरून काढत, पण आणखी एक गेली की सगळंच गेलं. त्याआधी सगळी गाणी नव्या मशीनवर न्यायची होती आणि वाट एकच उरली होती, यूएसबीला लावायचं नेटवर्क अडॅप्टर. तेही साध्या गिगाबिटपेक्षा जलद, कारण डिस्क किती तास जगेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी ऑनलाइन पाहिलं, सगळ्यात मोठा आकडा लिहिलेलं, सगळ्यात स्वस्त अडॅप्टर मागवलं आणि आल्या आल्या जोडून कॉपी सुरू केली. सर्व्हर होता कापसाच्या खोलीत. भाव वाढेल म्हणून आमच्याकडे कापूस घरातच साठवतात. कुलूप आणि इन्व्हर्टर दोन्ही त्याच खोलीत, म्हणून सर्व्हरही तिथेच. अडॅप्टर मागच्या बाजूला लोंबून गंजीत रुतलं होतं, ते मी पाहिलंच नाही. कॉपी वीस मिनिटं सुसाट चालली आणि तुटली. सगळ्याची एकच मोठी फाइल करून पाठवत होतो, त्यामुळे अर्धवट उतरलेलं काही कामाचं नव्हतं. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. प्रत्येक वेळी डिस्क नव्याने घरघरायची. अकराव्यांदा तुटली तेव्हा मी काकांना फोन केला.

ते आले आणि उंबऱ्यावरच थांबून त्यांनी हवा हुंगली. मग कापसात हात घालून अडॅप्टर उपटून काढलं. गालाला लावायची गरजच पडली नाही, त्या घट्टे पडलेल्या हातालाही चटका बसला. भोवतीचा कापूस पिवळा पडला होता.

"घर जाळून राह्यला होता तू," ते शांतपणे म्हणाले. मला शिव्या परवडल्या असत्या.

त्यांनी पहिल्यांदा सर्व्हर बंद केला. मग यवतमाळहून एक आणि नागपूरहून एक अशी आणखी दोन अडॅप्टरं मागवली. ती येईपर्यंत दोन दिवस गेले. तिन्ही खोक्यांवर वेग एकच लिहिलेला. काकांनी खोकी बाजूला सारली. आत चिप कुणाची, सर्व्हर तिला आपोआप ओळखतो की वेगळं काही भरावं लागतं, एवढंच ते विचारत होते. कॉपी मात्र लगेच सुरू करायला तयार नव्हते. आधी त्यांच्या लॅपटॉपवरून माझ्या नव्या मशीनला नुसता फालतू डेटा पाठवायचा, तोही टिनाच्या खोलीत, भर दुपारी, पंखा बंद करून. प्रत्येक अडॅप्टरला पाच तास.

मी चिडलो. तिकडे डिस्क मरायला टेकली होती आणि हे फालतू डेटा पाठवत बसले होते. घामाने निथळत मी बोलून गेलो की आत याडीचा आवाज आहे, तुम्हाला त्याचं काहीच कसं वाटत नाही.

"वाटते म्हणूनच बसलो हावो," ते म्हणाले. "तू अकरा खेपा तोडलं, अकरा खेपा त्या डिस्कले पळवलं. आता एकच खेप."

पहिलं अडॅप्टर पुन्हा विसाव्या मिनिटाला पडलं. दुसरं तीन तास उत्तम चाललं, मग मधेच क्षणभर डोळा मिटल्यासारखं तुटून परत आलं. मी म्हटलं, एवढं चालतंय. काकांनी ते काढून ठेवलं. तिसरं दोघांपेक्षा किंचित हळू होतं, पण पुढच्या दुपारी पाचही तास पडद्यावरची त्याची वेगाची रेघ जराही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गारव्यात, सर्व्हर ओसरीवर आणून तिसरं अडॅप्टर मागच्या पोर्टमध्ये थेट लावलं. कॉपीचा क्रम मी आधीच करून ठेवला होता. याडी पहिली. काकांनी यादी वाचली आणि तिचं नाव उचलून तळाला टाकलं. मी काहून म्हणून विचारलं.

"घरची मानसं शेवटच्या पंगतीले बसतात," ते म्हणाले.

दिवसभर आम्ही दोघं ओसरीवर बसून होतो. एकेका म्हातारीचं नाव सरकत होतं आणि काका बोटांवर मोजत होते. अडॅप्टर एकदाही तुटलं नाही. दुपारी डिस्कची टिकटिक वाढली. मी दोनदा हात जोडून म्हटलं की आता तरी याडीला वर घेऊ. त्यांनी मान हलवली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला याडीच्या आधीची शेवटची बाई पूर्ण झाली. याडीचं नाव पडद्यावर आलं, कॉपीची रेघ जेमतेम सरकली आणि डिस्कमधून खट्‌ असा आवाज आला. मग काहीच नाही. आम्ही सर्व्हर पुन्हा चालू केला, थंड करून केला, तासाभराने केला. तो उठला नाही.

अकरा वेळा मी तोडलं नसतं तर ती डिस्क आणखी अर्धा तास जगली असती. हे मी त्यांना रडत रडत सांगितलं. काकांनी पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, "त्या बाकीच्या बायाईचं गानं कोनालेच येत नाही. तिचं मले येते."

आठ दिवसांनी ते धुतलेला सदरा घालून आले आणि माइक लाव म्हणाले. नवरी सासरी निघताना रडत गाते तो ढावलो त्यांना गायचा होता. ही गाणी बायांची. तांड्यात पुरुषाने ढावलो म्हटलेला मी कधी ऐकला नव्हता. काकांना सूर नव्हता. आवाज फाटत होता, कानशिलं लाल झाली होती, तरी ते एकही ओळ गाळत नव्हते. एका ओळीच्या मधेच ते थांबले. विसरले असं वाटून मी रेकॉर्डिंग बंद करायला गेलो, तर त्यांनी हात वर करून मला अडवलं आणि हळूच म्हणाले, "चालू राहू दे. इथं ती श्वास घ्यायची."

काका गेल्या हिवाळ्यात गेले. ती फाइल आता तीन ठिकाणी ठेवली आहे, आणि त्यांनीच सांगितल्याप्रमाणे तिच्यावर नाव फक्त सकुबाईचं आहे.