सहा सेकंदांचा श्वास

जयवंताला खोकल्याचं कधी भय वाटलं नव्हतं. पंधरा वर्षं ती जिनिंगमध्ये, सरकी वेगळी काढणाऱ्या रेच्यावर कापूस टाकत आली होती. दिवाळीनंतर रुईचे तंतू नाकातोंडात जायचे, खोकला लागायचा आणि हंगाम सरला की जायचा. यंदा मात्र तो गेलाच नाही. चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागू लागली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून छातीच्या सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहून दिली.

तिची मोठी बहीण अन्नपूर्णा, जिला ती बाई म्हणायची, चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरने गेली होती. तिची जखम जयवंतानेच शेवटपर्यंत धुतली होती. त्यात नालवाडीतली एक शेजारीण बोलून गेली, "सीटीत शेकडो एक्स-रेइतके किरण असतेत म्हणते. बाईच्या छातीवर पडले का गाठ धरते."

जयवंताने ती चिठ्ठी कणकेच्या डब्यामागे दडवली. अकरा दिवसांनी ती नवऱ्याच्या, आदेशच्या हाती लागली.

"काऊन लपवून ठेवली?"

"मले बाईसारखं मरायचं नाई."

आदेश ऑटो चालवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ऑटो काढला आणि तिला बसवून दवाखान्यात आणलं.

सीटीचं मशीन चालवणारी चंचल पंचविशीतली, देवळीची पोरगी होती. दवाखान्याच्या झग्यात उभी जयवंता दोन्ही हात छातीशी घट्ट धरून म्हणाली, "मॅडम, थे शिशाचं जॅकेट असते ना, थे माह्यावर टाका."

"ताई, या तपासणीत थे मधात आलं तं चित्र बिघडते. कधी तं मशीनले वाटते माणूस जाड आहे, अन् थे किरण वाढवून देते." चंचलने तिला पलंगावर निजवून बरोब्बर मधोमध आणलं, हात डोक्यावर घ्यायला लावले. "किरणांची नळी तुमच्या भोवताल फिरन. समोरून जाते तवा किरण आपोआप कमी होतेत, म्हणजे छातीवर अन् गळ्यावर कमी पडतेत. मी किरणांचं मापही कमीच लावलं."

मग तिने चिठ्ठी पुन्हा वाचली. दोन फेऱ्या लिहिल्या होत्या, एक साधी आणि एक औषध टोचून. तिने आत जाऊन मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. जयवंताला काचेपलीकडची तिची मान तेवढी हलताना दिसत होती. नक्कीच काहीतरी वाईट निघालं, असं तिला वाटलं.

चंचल बाहेर आली. "डॉक्टरले विचारलं, एकच फेरी पुरते, तेवढेच किरण कमी. औषधाचं काम नाई. पण श्वास धरल्यावर खोकलू नका."

"खोकला आला तं?"

"तं परत काढावं लागन."

आता सगळी भीती गळ्यात येऊन बसली. चंचलने कोमट पाणी पाजलं आणि श्वास धरायचा सराव करून घेतला. पहिल्यांदा ती खोकली. दुसऱ्यांदाही खोकली. तिसऱ्यांदा जमलं.

दार लागलं. पलंग सरकला. वरून हिंदीत आवाज आला, "सांस लीजिए. सांस रोकिए." घरघर सुरू झाली. तिसऱ्याच सेकंदाला गळ्यात खवखव उठली, मुंगी चढावी तशी. डोळ्यांत पाणी आलं. तिने जीभ टाळूला दाबली, पायाची बोटं आवळली. एवढ्याशा सहा सेकंदांत तिला बहिणीचा काळवंडलेला चेहरा दिसला.

"सांस छोड़िए."

खोकला असा फुटला, की पलंग हादरला. ती कशीबशी बोलली, "परत?"

"नाई ताई. झालं. मस्त आलं."

जयवंता उठून बसली आणि ढसाढसा रडली.

रिपोर्टमध्ये फुप्फुसाला कापसाच्या धुळीने इजा झाल्याचं निघालं. डॉक्टरांनी जिनिंगचं काम बंद करायला सांगितलं, तोंडाने ओढायचा औषधाचा फवारा दिला. बहिणीच्या आजाराबद्दल जयवंताकडून ऐकून चंचलने तिला स्तनतपासणीच्या खोलीकडे पाठवलं होतं. त्या दारातून ती दोनदा मागे फिरली. तिसऱ्यांदा आदेशने हात धरून आत नेलं. गाठ नव्हती; दरवर्षी दाखवायला सांगितलं.

आता ती एका मेसमध्ये पोळ्या लाटते. धाप कमी झाली आहे. पण आंघोळ करताना अजूनही तिचा हात छातीवर थबकतो, आणि तेवढा वेळ ती डोळे मिटून घेते.