कारण नसलेली ओळ

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नोएडाच्या आमच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर खिडकीशेजारची खुर्ची रिकामी झाली आहे. तिच्यावर कोणीही जॅकेट टाकू नये. हुकूम माझा आहे आणि तो कोणीही पाळत नाही.

त्या खुर्चीतले गृहस्थ आता नागपुरात असतात. सर्व्हर अडला की सगळे त्यांच्याभोवती जमत, आणि ते कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत. "हात नका लावू. आधी पाहू." मग इतका वेळ पाहत राहत की तेवढ्यात तुम्ही-आम्ही चहा पिऊन, नोकरी बदलून परत आलो असतो.

आमच्याकडे एका इस्पितळाची वेबसाइट होती. सकाळी आठला ओपीडीचे नंबर खुले होत आणि नेमकी तेव्हाच ती गोठून जाई. इलाज सगळ्यांना पाठ होता: मेमरी वाढवा. हे नकारार्थी मान हलवत. मला त्यांनी एकदा समजावलं आणि आश्चर्य म्हणजे मलासुद्धा समजलं. जावा भाषेतला प्रोग्रॅम वापरून झालेलं सामान खोलीतच टाकत जातो. खोली भरली की सगळी कामं थांबवून झाडू घेतो. तोवर दाराशी रोगी ताटकळत.

"खोली मोठी केली म्हणून कचरा कमी होतो का, भाऊ? झाडायला वेळ जास्त लागतो."

खोली केवढी ठेवायची, झाडू कधी मारायचा, हे ठरवणं त्यांचं काम. दिवसाला एकच सेटिंग बदलत. आणि सर्व्हर ज्या फाइलवरून सुरू होतो तिच्यात त्या ओळीच्या डोक्यावर तारीख आणि कारण लिहीत. चक्क मराठीत. 'आठला गर्दी, म्हणून लहान केलं.' 'काल माझं चुकलं, पूर्ववत.' कारणाशिवाय एक ओळ सापडायची नाही. मी त्या फाइलला रोजनिशी म्हणत त्यांना चिडवायचो. ते चिडत नसत. चिडायलाही थोडा उत्साह लागतो.

त्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, केंद्र सरकारात. त्यांची नागपूरला बदली झाली, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधलं सामान ट्रकने पुढे गेलं आणि हे गृहस्थ एक गादी, एक कुकर घेऊन मागे राहिले. राजीनामा देऊन झाला होता. पण आमचे साहेब, करोल बागेतला मनाने लोण्यासारखा माणूस, त्यांनी अट घातली: सर्व्हर सलग पंधरा दिवस न अडता चालला की सोडतो.

चौदाव्या दिवशी अडला. लांब सुट्टीनंतरचा सोमवार, गर्दी दुप्पट. हे गृहस्थ कीबोर्डकडे वळले. सेटिंग बदललं, कारण लिहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरात पुन्हा एकपासून मोजायला लागले. वहिनींचा फोन आला की म्हणत, "होईल." पुढे पुढे तेवढंही म्हणेनात, नुसते हुंकार देत.

यावेळी तेराव्या दिवशी अडला. साधा बुधवार, गर्दी नेहमीचीच. क्वार्टर रिकामं करायला चार दिवस उरले होते.

ते बराच वेळ पाहत राहिले. मग ती फाइल उघडली आणि बोट एका ओळीवर नेऊन थांबवलं. मेमरी दुपटीने वाढवलेली. डोक्यावर तारीख नाही, कारण नाही.

"ही ओळ माझी नाही."

फाइल उघडायचा पासवर्ड तिघांकडेच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हयातभर केलेल्या सगळ्या पापांची कबुली देऊन हे एक तेवढं नाकारलं. ते किंचित हसले. मग आम्ही दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं.

साहेब उभे होते. म्हणाले, कुठेतरी वाचलं होतं, मेमरी वाढवली की चांगलं असतं म्हणून. ही गोष्ट चूक आहे, हे या माणसाने त्यांना माझ्यासमोर निदान दहा वेळा सांगितलं होतं.

आवाज चढला नाही. यांनी ती ओळ खोडलीही नाही. तिच्या डोक्यावर तारीख घातली, पुढची जागा मोकळी ठेवली आणि कीबोर्ड साहेबांकडे सरकवला.

"वजह लिख दीजिए, सर. फिर मैं मिटा दूँगा."

साहेब खाली वाकले. दोन बोटं कीबोर्डवर ठेवली. टाइप काहीच केलं नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि त्या कोऱ्या जागेकडे बघतच त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"ये ठीक चल गया, तो आप चले जाओगे ना."